उघड्या ब्लॉकवरच्या अक्षता

उघडलेल्या इंजिनाजवळ बसलं की मला विहिरीच्या काठावर बसल्यासारखं वाटतं. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, काढून बाजूला ठेवलेलं असतं, ब्लॉकमधली सिलिंडरं वर छताकडे बघत असतात, आणि त्यांच्या गुळगुळीत भिंतींवरून उजेड हळूहळू खाली उतरत पिस्टनच्या काळ्या माथ्यावर जाऊन थांबतो. चालू असताना ज्याची एवढी धग आणि एवढा गोंगाट, ते आतून इतकं गार आणि गप्प असतं, याचं मला अजून नवल वाटतं. त्या नवरात्रात आमच्या बोगादीच्या घराच्या व्हरांड्यात असं एक इंजिन बरेच दिवस मुक्कामाला होतं. अक्काच्या कापड बेतायच्या टेबलावर. टेबलाच्या एका टोकाला मरून कापडाचे तागे, दुसऱ्या टोकाला इंजिन, आणि त्याच्यापाशी मी, रॉकेलात भिजवलेलं फडकं हातात घेऊन.

अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, वारल्यापासून ती आमच्याकडेच राहते. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या शिवणकाम. मी एकटा त्यातून निसटलो आणि पॉलिटेक्निकमध्ये मुलांना ऑटोमोबाइल शिकवू लागलो. अक्का आणि दाजींनी मात्र जन्मभर शिवलं. पिरियापट्टणच्या शाळांचे गणवेश, आणि बैलकुप्प्याच्या तिबेटी मठांतल्या लहान भिक्षूंसाठी थंडीतली मरून जाकिटं. दाजी दर रविवारी आपल्या जुन्या व्हॅनमध्ये गठ्ठे भरून पोचवायला जायचे. ते गेल्यावर लोकांना वाटलं, आता हे थांबेल. थांबलं नाही. अक्का शिवत राहिली आणि रविवारी व्हॅन मी चालवू लागलो, तिला शेजारी बसवून.

एका रविवारी परतताना, पिरियापट्टण सोडून थोडं पुढे आल्यावर, पाण्याचा रबरी पाइप फुटला. मी गाडी बाजूला घेईपर्यंत उशीर झाला होता. सीटखालून पांढरी वाफ आली आणि इंजिन थांबलं. आजूबाजूला तंबाखूची शेतं होती. कुठल्यातरी भट्टीतून पानं वाळवल्याचा गोडसर, गुंगी आणणारा वास येत होता. वाफ निवेपर्यंत अक्का रिकाम्या पोत्यांवर बसून राहिली, नवऱ्याच्या उशाशी बसावं तशी.

ओळखीच्या मेस्त्रीने गाडी ओढून आणली, इंजिन खाली उतरवलं आणि टेबलावर ठेवून दिलं. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये जो पातळ पत्रा असतो, गॅस्केट, तो जळून गेला होता. पाणी आणि आग यांना एकमेकांपासून दूर ठेवायचं एवढंच त्याचं काम.

मेस्त्री हात पुसत कानडीमिश्रित मराठीत म्हणाला, "सार, बिट्टुबिडी. सोडून द्या. हेड वाकलं असणार. गुजरीवाल्याला सांगतो, भंगारात तरी जाईल."

त्याच संध्याकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला. अक्काने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"आई, आता पुरे झालं. गाडीसुद्धा दमली बघ. मी दिवाळीला येतो आणि तुला घेऊन जातो. इथं तुझी खोली तयार आहे."

"गाडी चालली तर मी इथंच," अक्का म्हणाली. "नाही चालली तर येते बाबा तुझ्या पुण्याला. आयतु? झालं समाधान?"

"नक्की? मग शब्द फिरवायचा नाही. मामा, तुम्ही साक्षीदार हं!"

"हो," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. अक्काने माझ्या हातांकडे पाहिलं. म्हणजे ठरलं, आणि ठरलं ते माझ्या हातांवर.

मला हे काम येतं. वर्षानुवर्षं मी फळ्यावर तेच लिहून देत आलोय. जुन्या गॅस्केटचा कण न् कण निघाला पाहिजे. पण काढताना पृष्ठभागाला ओरखडा पडता कामा नये, कारण एक बारीक ओरखडासुद्धा पाण्याला वाट दाखवतो. सिलिंडरांत आणि पाण्याच्या वाटांत फडकी कोंबायची, म्हणजे खरवड आत पडत नाही. मग पट्टी ठेवून सपाटी बघायची. मग बोल्टांची भोकं साफ करायची. मुलं लिहून घेतात, परीक्षेत लिहितात, विसरतात. मीही तसं विसरलोच होतो म्हणायचं. हात काळे करून किती वर्षं झाली होती!

संध्याकाळी कॉलेजातून आलो की मी चहा घेऊन टेबलापाशी बसायचो. पितळी पट्टी हलकेच आडवी धरून जुनं गॅस्केट सोडवायचो. ते पापुद्र्यापापुद्र्याने निघायचं. त्याखाली हेडवर काळपट डागांचा एक नकाशा उमटला होता, बेटं आणि सामुद्रधुन्या असलेला, आणि दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद जागी आगीने पलीकडे जायला केलेली तपकिरी पायवाट. तिच्यावरून मी बोट फिरवत राहायचो. वेळ कुठे जायचा कळायचं नाही. दिवे लागायचे, शेजारच्यांच्या बाहुल्यांच्या आराशीपुढे बायका गाणी म्हणायच्या, आणि मी त्या नकाशावरचं एखादं बेट पुसण्यात गुंतलेला असायचो.

"भाकरीचा करपा खरवडतोस काय रे?" अक्का मशीनवरून विचारायची. "जोर लाव की जरा."

"जोर लावायचा नाही अक्का यात. ॲल्युमिनियम मऊ असतं. लोखंडी पट्टी लावली तरी ओरखडा पडतो."

"तुझे दाजी असते तर एव्हाना दोन चहा पिऊन झाले असते."

"आणि इंजिन?"

"इंजिन तसंच राहिलं असतं की!" ती हसायची आणि दोरा दातांनी तोडायची.

आयुधपूजेच्या दिवशी, ज्याला महाराष्ट्रात खंडेनवमी म्हणतात, सकाळी मी कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या पूजेला गेलो. लेथला, ड्रिलला, भिंतीवर टांगलेल्या पान्यांना सगळ्यांना झेंडू. येताना रस्त्यात मोटारी, रिक्षा, सायकली, सगळ्यांना केळीचे खुंट बांधलेले. जणू बागाच चाकांवर बसून चालल्या होत्या. फुटलेल्या कोहळ्यांच्या पोटात कुंकू लाल दिसत होतं. मी चुरमुऱ्यांची पुडी हातात घेऊन घरात शिरलो आणि व्हरांड्यातच थांबलो.

अक्काने इंजिनाची पूजा केली होती.

ब्लॉकच्या चारी कडांना हळदीची बोटं ओढली होती. मध्ये कुंकू. प्रत्येक सिलिंडरावर एक एक शेवंती ठेवलेली, ती आत घसरून पिस्टनवर जाऊन पडली होती. वर हळदीचं पाणी शिंपडलेलं. आणि सगळीकडे अक्षता. सपाट पृष्ठभागावर, पाण्याच्या वाटांत, बोल्टांच्या भोकांत. शेजारी पाटावर माझी पितळी पट्टी, फिलर गेज, टॉर्क पाना आणि तिची कात्री, टेप, बॉबिनची डबी, लांब दाभण. सगळ्यांना कुंकू.

"बघ, कसं नवरीसारखं दिसतंय," अक्का म्हणाली.

"अक्का, यात फडकी होती. कोंबलेली. कुठं गेली?"

"ती मळकी? देवाच्या दिवशी असली फडकी ठेवतात काय रे? धुवून वाळत घातली."

अंगणात तारेवर, तिच्या दोन साड्यांच्या मधोमध, माझी फडकी पांढरीशुभ्र होऊन वाऱ्यावर हलत होती.

"अक्षता आत गेल्या."

"जाऊ देत की. आतच तर जीव आहे त्याचा."

बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून मला हाताने थोपवलं. जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, वन्संना आज काही बोलू नका हं. सकाळपासून उपाशी राहून केलंय त्यांनी."

बोललो असतो तरी उपयोग नव्हता. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नसतो. उद्या दशमीला पूजा उतरवेपर्यंत पट्टी पट्टी नाही आणि पाना पाना नाही. सगळं शहर तसं हात बांधून बसलेलं होतं. गॅरेजं बंद, दुकानांच्या मशीनवर फुलं. दुपारी मी व्हरांड्यात चटई टाकून पडलो. ऊन जाळीतून येत होतं, हळदीवर पडत होतं, आणि तिथून पिवळा उजेड छतावर हलत होता. कुठेतरी लांब ढोल वाजत होता. मला झोप लागली की नाही सांगता येत नाही. त्या गुंगीत मी स्वतःला सिलिंडरात उतरताना पाहिलं. गार, गोल भिंत, खाली शेवंतीचं फूल, वर वाटीएवढं आकाश. तिथे खूप बरं वाटत होतं. कोणी हाक मारत नव्हतं. कुणाला कुठे पोचवायचं नव्हतं.

आणि तिथेच, त्या बऱ्या वाटण्यात, तो विचार आला.

ब्लॉकमधली बोल्टांची भोकं तळाशी बंद असतात. अशा भोकात काही राहिलं, हळद, तेल आणि तांदूळ यांचा वाळून घट्ट झालेला गोळा, तर बोल्ट त्याच्यावर जाऊन टेकतो. बोल्ट किती आवळला ते मोजणारा टॉर्क पाना सांगतो, घट्ट बसला. पण खाली हेड दाबलं गेलेलं नसतं. गाडी सुरू होते, चालते, सगळे खूश होतात. मग एक दिवस तेवढ्याच एका कोपऱ्यातून पाणी आगीत उतरतं आणि गॅस्केट पुन्हा जातं. दोनदा गेलं की इंजिन भंगारात. कोणी विचारणार नाही. विचारलं तरी उत्तर तयार आहे: अक्का, पूजेच्या अक्षता आत राहिल्या असतील गं.

मला एवढंच हवं होतं की रविवारी झोपावं. याहून मोठं कारण असतं तर सांगायलाही बरं वाटलं असतं. अक्काचा मला त्रास नव्हता. घरात ती होती म्हणून घर चालत होतं. पण दर रविवारी पहाटे गठ्ठे उचलायचे, जाताना आणि येताना दाजींच्या त्याच गोष्टी ऐकायच्या, त्याच वळणावर तेच ऐकायचं की इथे ते गाडी थांबवून चहा प्यायचे. मी हुंकार द्यायचो. माझी कंबर दुखायची. तीन वर्षांत एकदाही मी म्हणालो नाही की अक्का, या रविवारी नको. मी चांगला भाऊ होतो ना! लोक तसं म्हणायचे, आणि मलाही ते ऐकायची सवय लागली होती.

दशमीला सकाळी अक्काने फुलं उतरवली, नमस्कार केला आणि म्हणाली, "घे, आता तुझं तू."

सिलिंडरांच्या भिंतींवर हळदीच्या पाण्याने रात्रीत गंजाचा अगदी पुसट तांबूस रंग धरला होता. मी तो तेलाने पुसला. चिमट्याने शेवंत्या काढल्या. अक्षता एकेक करून, मग हवेच्या पंपाने फुंकर मारून. हळद जायला वेळ लागला. कुंकू त्याहून जास्त. बहिणीने काढलेली बोटं पुसताना मान वर करवत नव्हती. तागे मोजत ती समोरच बसली होती.

मग हेडची सपाटी. सरळ पट्टी हेडवर उभी धरायची, लांबीने, रुंदीने, दोन्ही कर्णांवर, आणि तिच्याखाली फिलर गेजचं पातळ पातं सरकतंय का बघायचं. मेस्त्री म्हणाला होता, वाकलं असणार. मी पट्टी ठेवली. पातं गेलं नाही. दुसरीकडे ठेवली. गेलं नाही. दिव्याकडे धरून पट्टीखालून उजेड येतो का पाहिलं. येत नव्हता. एवढं तापूनही हेड सरळ राहिलं होतं.

मला आनंद झाला नाही. हे लिहिताना अजून हात अडखळतो. मी पट्टी पुन्हा ठेवली, पुन्हा पाहिलं, जणू कुठेतरी थोडं वाकलेलं सापडावं म्हणून शोधत होतो. हेड वाकलेलं असतं तर दोष कोणाचाच नसता. आता ते सरळ निघालं होतं आणि सगळं माझ्यावर आलं होतं.

मी बोल्टांची भोकं साफ करायला घेतली. एकेकात टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवायचा, आटे साफ करायचे, हवा मारायची, कापूस घालून बघायचा. कोपऱ्यातल्या भोकाशी आलो. कापूस पिवळा निघाला. टॅप थोडा फिरला आणि अडला. तळाशी गोळा होता.

मी टॅप बाहेर काढला आणि तसाच उभा राहिलो. समोर रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिच्या केळीची पानं सुकून लोंबत होती. गॅस्केट कोऱ्या पुडक्यात टेबलावर पडलं होतं. ते उचलून ठेवायचं, वर हेड ठेवायचं, बोल्ट घट्ट करायचे. हात एवढंच करणार होते.

"काय रे, सुम्ने उभा का, उगाच?" अक्का म्हणाली. "झालं का?"

"एक भोक राहिलंय."

"मग कर की."

"तुझ्या अक्षता आहेत त्यात. घट्ट बसल्यात."

"अय्यो. निघत नाहीत?"

"निघतील."

"मग?"

मी तिच्याकडे न बघता बोललो. "अक्का, मला वाटत होतं की तसंच राहू द्यावं. गाडी मग पुन्हा बंद पडली असती. तू पुण्याला गेली असतीस."

कापड खाली ठेवल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं तेव्हा ती चष्मा काढून पदराने पुसत होती. खूप सावकाश पुसत होती.

"घरात अडचण होते का माझी?"

"नाही गं. देवाशपथ नाही. रविवार... मला रविवार नको होता. एवढंच."

"रविवार?"

"दर रविवारी जायचं, ते."

"मग तसं सांगायचं! तोंड शिवलं होतं का कुणी?" तिचा आवाज चढला. "तीन वर्षं मी पहाटे उठून तुझ्यासाठी डबा करतेय. मला वाटतं, याला बाहेर पडायला आवडतं, कॉलेजात दमतो बिचारा. गाडीत बोलत राहते, तुला झोप येऊ नये म्हणून. नाहीतर त्याच त्या गोष्टी सांगायची मला काय हौस आहे? मला का पाठ नाहीत त्या?"

मी टॅप टेबलावर ठेवला.

"आणि दोष तांदळांवर घालणार होतास."

"हो."

"माझ्या पूजेच्या."

"हो."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. काय झालं ते तिला कळलं असावं. ती पुढे आली नाही, आतही गेली नाही. अक्काने चष्मा घातला. पाटाकडे गेली. जाड कापडाला भोक पाडायचं तिचं लांब दाभण तिथेच होतं, कुंकवाच्या बोटासह. ते घेऊन ती इंजिनापाशी आली.

"बाजूला हो. कुठलं भोक?"

मी दाखवलं.

"तू राहू दे अक्का, मी करतो."

"तू काय करतोस ते ऐकलं मी आत्ताच."

ती वाकली. एक डोळा मिटून भोकात बघितलं, दाभण आत घातलं आणि बोटांत फिरवू लागली. शिवणीत अडकलेला दोरा सोडवावा तसं, जोर न लावता. थोडा पिवळा चुरा आला. मग अर्धा तांदूळ. मी पंपाने हवा मारली, तो तिच्या कपाळावर उडाला. तिने पुसला नाही. पुन्हा दाभण घातलं. ती खरवडायची, मी हवा मारायचो. शेवटी कापूस पांढरा निघाला. मी टॅप घातला, तो तळापर्यंत अलगद गेला.

"आता तरी बसेल ना सरळ?" तिने विचारलं.

"बसेल."

"मग बसव."

मी पृष्ठभाग शेवटचा पुसला, कोरडा करून घेतला. गॅस्केट ठेवलं. हेड उचलायला बायकोने हात दिला. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, ठरलेल्या क्रमाने आवळले. कोपऱ्यातला बोल्ट आवळताना पाना टक्क वाजला, आणि या वेळी ते खरं होतं.

मेस्त्रीने इंजिन परत गाडीत चढवलं. किल्ली मी अक्काला फिरवायला सांगितली, ती नको म्हणाली. मीच फिरवली. इंजिन सुरू झालं, पाणी गरम झालं, तापमानाचा काटा मध्यावर जाऊन थांबला, आणि बराच वेळ तिथेच राहिला. मेस्त्री नुसतं "परवाइल्ल, सार," म्हणाला आणि हसला. वाईट नाही, एवढाच त्याचा अर्थ, पण त्याच्या तोंडून ते खूप होतं.

संध्याकाळी अक्काने भाच्याला फोन लावला. "चालली रे गाडी."

"अरे वा! मामा ग्रेट आहेत. म्हणजे तू येत नाहीस?"

"नाही."

"बरं. पण आई, दर रविवारी एवढा प्रवास..."

"दर रविवारी नाही. महिन्यातून एकदा. बाकीचे गठ्ठे बसने जातील, कंडक्टर ओळखीचे आहेत." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या मामाला झोप हवी असते."

तिने त्याला एवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बायकोनेही कधी विषय काढला नाही. मला वाटत होतं, अक्का थोडे दिवस माझ्याशी तुटक वागेल. तसंही झालं नाही. फक्त माझ्या ताटात वाढताना पूर्वी ती काहीतरी बोलायची, ते बोलणं काही दिवस आलं नाही. मग एकदा तेही आलं, मिठाबद्दल काहीतरी.

पुढचा रविवार रिकामा होता. पहाटे नेहमीच्या वेळेला जाग आली. खिडकीबाहेर धुकं होतं. झोपावं म्हणून कुशीवर वळलो, पांघरूण डोक्यावर घेतलं. व्हरांड्यात मशीन सुरू झालं होतं. बसला द्यायचे गठ्ठे असतील. मध्येच ते थांबलं. दोरा तुटला असेल, किंवा बॉबिन संपली असेल, किंवा ती नुसतीच बसली असेल. मी डोळे मिटून, ते पुन्हा सुरू होण्याची वाट बघत पडून राहिलो.